सायकल, कॉफी आणि झाकलेला थकवा

रविवारी सकाळी सातच्या सुमारास नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर उभे राहिले, तर एक गंमत पाहायला मिळते. कात्रजचा घाट उतरून, खेड शिवापूर मागे टाकून पुण्याकडून सायकलस्वारांचे जथे येऊ लागतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात भडक रंगांचे घट्ट कपडे आणि रुंद, दातेरी टायरच्या सायकली. कुणाला बनेश्वराला जायचे असते, कुणाला राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्याला, तर कुणाला तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला. काही पट्टीचे गडी सिंहगड रस्त्याने निघून पाबे घाट चढतात आणि वेल्ह्यावरून उलट बाजूने येथे उतरतात. फाट्यावर आले की सायकली भिंतीला टेकतात आणि पहिली हाक ऐकू येते, "मावशी, चार कॉफी! जरा कडक!"

मी येथे दवाखाना घातला तेव्हा या रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस म्हणजे दूधवाला, पोस्टमन नाहीतर शाळामास्तर. सायकल ही गरज होती, हौस नव्हती. आणि टपरीवर चहाच मिळे. कॉफी ही पाहुण्यासाठी किंवा सर्दी झाल्यावर जायफळ घालून करायची वस्तू. आता त्याच टपऱ्यांवर 'कॉफी मिळेल' अशा पाट्या लागल्या आहेत.

मागे एकदा दवाखान्यात आलेल्या एका शेतकरी गृहस्थांनी मला विचारले, "डॉक्टर, ही पोरं दर रविवारी कॉफी पिऊन डोंगर चढत्यात. त्या कॉफीत काय औषध असतंय का?"

बाकावर बसलेले चार जण हसले. पण वाचकहो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॉफीत औषध असते. त्याचे नाव कॅफिन. ते चहातही असते, आणि दुकानात मिळणाऱ्या 'एनर्जी' पेयांतही असते. जगात सर्वांत जास्त लोक रोज घेतात असे हे औषध आहे, आणि ते घेताना कुणी डॉक्टरला विचारत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी.

ही जोडी जमली कशी?

डोंगरातली सायकल ही तशी अलीकडची. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा परगणा आहे. तेथल्या टामलपाईस डोंगराच्या आसपास १९७० नंतरच्या काळात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून उतरू लागले. १९७६ साली त्यांनी एका तीव्र उतारावर शर्यत सुरू केली. त्या सायकलींना पायाने उलटे पेडल मारून लागणारे ब्रेक असत. उतारावर ते इतके तापत की चाकाच्या तुंब्यातले वंगण धूर होऊन जाई, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा खोलून नवे वंगण भरावे लागे. इंग्रजीत असे पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. वाचकांनी हे वंगण लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. पुढे वीस वर्षांत या हौसेचा खेळ झाला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगचा समावेशही झाला.

कॉफीचे नाते त्याहून जुने, पण ते रस्त्यावरच्या शर्यतींचे. इटलीत 'फाएमा' नावाची कॉफीची यंत्रे बनवणारी कंपनी होती. १९५५ पासून तिच्या नावाने सायकलपटूंचा संघ शर्यतीत उतरू लागला. बेल्जियमचा विख्यात सायकलपटू एडी मर्क्स याने १९६९ साली आपली पहिली 'टूर द फ्रान्स' जिंकली, ती फाएमाचे नाव छातीवर लावूनच. पहाटे निघायचे, पन्नास-साठ किलोमीटर चालवायचे आणि वाटेत एखाद्या कॉफीच्या दुकानाशी थांबून गप्पा मारायच्या, ही युरोपातली रीत मग जगभर गेली. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. २०२६ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा परदेशी सायकलपटू पाहायला लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी केली. तेव्हा पुणेकरांनी सायकलबरोबर तिची कॉफीही उचलली, यात नवल नाही. आणि कॉफी आपल्याला अगदी परकीही नाही. विदर्भातल्या चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून तिची लागवड होते.

इतिहास पुरे. आता शरीराकडे वळू.

कुलूप आणि खोटी किल्ली

माणूस जागा असतो, काम करतो, तसतसा मेंदूत ॲडिनोसिन नावाचा एक पदार्थ साठत जातो. मेंदूच्या पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपे असतात. ॲडिनोसिनची किल्ली त्या कुलपात बसून फिरली की मेंदूला निरोप मिळतो, "दमलो, आता थांबा, झोपा." हा थकव्याचा निरोप.

कॅफिनची ठेवण ॲडिनोसिनसारखीच आहे. ते त्याच कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. खोटी किल्ली अडकून बसल्यावर खरी किल्ली बाहेर ताटकळत राहते. निरोप पोचत नाही आणि माणसाला ताजेतवाने वाटते. पण ध्यानात घ्या, ॲडिनोसिन कुठे गेलेले नाही. ते दाराबाहेर साठतच आहे. दोन-चार तासांनी कॅफिन उतरू लागले की साठलेला सगळा थकवा एकदम आत शिरतो. पुष्कळ जणांना दुपारी एकदम गळून गेल्यासारखे होते, त्याला हेही एक कारण असते.

आजच्या लेखाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की चहा-कॉफी थकवा मिटवत नाही, झाकते. झाकणे नेहमीच वाईट असते असे नाही. पण आपण काय झाकतो आहोत, हे माणसाला ठाऊक असले पाहिजे.

खरेच बळ येते का?

येते, थोडे. याची तपासणी खेळाडूंवर पुष्कळ झाली आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे तीन ते सहा मिलिग्रॅम कॅफिन घेतले, तर लांब पल्ल्याच्या खेळात कामगिरी साधारण दोन ते चार टक्क्यांनी सुधारते. तोच चढ थोडा कमी कष्टाचा वाटतो. पोटात गेल्यापासून अर्धा ते एक तासात परिणाम पुरता जाणवू लागतो. पूर्वी ऑलिंपिकमध्ये लघवीत ठराविक मर्यादेपेक्षा जास्त कॅफिन सापडले तर खेळाडू बाद होई. २००४ पासून ते बंदीच्या यादीतून काढले आहे.

आता हिशेब करू. सत्तर किलोच्या माणसाला किलोमागे तीन मिलिग्रॅम म्हणजे २१० मिलिग्रॅम कॅफिन लागेल. आपल्याकडची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दीडशे मिलिलिटरच्या कपाचे आकडे दिले आहेत. गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, पुडीतल्या झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसभराची मर्यादा त्यांनी ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

म्हणजे टपरीवरच्या झटपट कॉफीचे तीनहून अधिक कप प्यायल्याशिवाय तो शर्यतीतला डोस होतच नाही. आणि टपरीवरचा कागदी कप तर दीडशे मिलिलिटरहून बराच लहान असतो. तेव्हा फाट्यावरची एक कॉफी पिऊन कुणी तोरण्याच्या पायथ्याला लवकर पोचत नाही. त्या कपाचा खरा गुण निराळा आहे. पंधरा मिनिटे बसणे होते, श्वास खाली येतो, मित्राचा चेहरा दिसतो, चार गोष्टी होतात. हे औषध मी कुणालाही आनंदाने लिहून देईन.

"पित्त झालंय, बाकी काही नाही"

आता एक हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आठच्या सुमारास दवाखान्यासमोर एक छोटा टेम्पो थांबला. त्यातून पंचेचाळिशीच्या पुढचे एक गृहस्थ उतरले. अंगात सायकलचा पोशाख. त्यांना धरून फाट्याजवळच्या टपरीवाल्या वहिनी होत्या. गृहस्थ हसून म्हणाले, "डॉक्टर, उगाच आणलं यांनी. रिकाम्या पोटी दोन कॉफ्या झाल्या, पित्त झालंय, बाकी काही नाही. एक गोळी द्या, मी निघतो."

त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि हवा गार होती. मी विचारले, जळजळ कधीपासून? म्हणाले, घाट चढताना सुरू झाली. थांबलो की कमी होते, पुन्हा पेडल मारले की येते. डावा जबडा जड वाटतो. फाट्यावर आल्यावर मित्रांनी पित्ताचे औषध दिले, मग जरा तरतरी यावी म्हणून आणखी एक कॉफी. असे पाऊण तास चालले होते.

ई.सी.जी. काढला. हृदयविकाराचा झटका होता.

ॲस्पिरिनची गोळी चावून खायला दिली, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली, पुण्याच्या रुग्णालयाला आधी फोन करून ठेवला. तासाभरात ते तेथे पोचले, अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला.

त्यांना झटका कॉफीने आला का? नाही. त्यांच्या वडिलांनाही पन्नाशीतच हृदयविकार झाला होता, सिगारेट वर्षभरापूर्वीच सुटली होती आणि कोलेस्टेरॉल त्यांनी कधी तपासलेच नव्हते. रक्तवाहिनी आधीपासून अरुंद होत आली होती. कॉफीने झाले ते एवढेच, की त्यांना एक सोयीचे नाव मिळाले. 'पित्त' या नावाखाली छातीतल्या दुखण्याने पाऊण तास काढला. हृदयाच्या बाबतीत पाऊण तास फार मोठा असतो. रक्त न मिळालेला स्नायू दर मिनिटाला मरत असतो.

कॉफीने पित्त वाढते, हे खोटे नाही. तिने जठरातले आम्ल वाढते आणि अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडते, त्यामुळे काहींना जळजळ होते. मग फरक कसा ओळखायचा? ढोबळ खूण अशी. चढावर किंवा श्रमाने येणारी आणि थांबले की कमी होणारी जळजळ ही पोटाची नसून हृदयाची आहे असेच धरून चालावे. त्याबरोबर थंड घाम, धाप, जबडा, खांदा किंवा हात जड होणे यांतले काही असेल, तर वाट पाहायची नाही. बसल्या जागीही अशी जळजळ दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर तसेच. सायकल तेथेच सोडायची, हालचाल थांबवायची आणि १०८ ला फोन करायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून फुकट आहे. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात येऊ नये. आणि चाळिशीनंतर प्रथमच घाट चढायचा विचार असेल, तर आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ई.सी.जी. करून घ्यावा. नुसता ई.सी.जी. नीट आला म्हणजे सगळे ठीक, असेही नव्हे. घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

तुंब्यातले वंगण

दुसरी फसगत पाण्याची आणि अन्नाची. इथे माझीच गोष्ट सांगतो. पन्नाशी ओलांडल्यावर मीही एक गियरची सायकल घेतली. एप्रिलमधल्या एका सकाळी घरून नुसती कॉफी पिऊन वेल्ह्याकडे निघालो. मार्गासनीपर्यंत मोठ्या रुबाबात गेलो. पुढे विंझरच्या अलीकडे पाय थरथरू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. एका झाडाखाली बसलो. शेतावर निघालेल्या एका आजींनी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिले, वर म्हणाल्या, "डाक्टर, तुमीच असं उपाशी हिंडाय लागल्यावर आमी कुनाकडं बघायचं?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो जोरात सायकल चालवल्यास दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. रात्रभराच्या उपासानंतर यकृतातला साठा आधीच कमी झालेला असतो. कॉफी त्यात भर घालत नाही. ती फक्त साठा संपत आल्याची जाणीव दाबून ठेवते. म्हणून निघण्यापूर्वी अर्धी पोळी-गूळ किंवा एक केळे खावे, आणि दीड तासाच्या वर चालवायचे असेल तर दर तासाला एक-दोन केळी, चिक्की, खजूर यांपैकी काहीतरी पोटात जावे.

कॉफीने लघवी होऊन शरीर कोरडे पडते, असा एक समज आहे. ज्यांना रोजची सवय आहे त्यांच्या बाबतीत एक-दोन कपांनी तसे होत नाही. पण एवढ्याशा कपाने पाण्याची गरज भागते असेही नाही. उन्हात चढ चढताना तासाला अर्धा ते एक लिटर, काहींना त्याहूनही जास्त घाम जातो, आणि त्याबरोबर मीठ जाते. तहान लागेल तसे पाणी प्यावे. दोन तासांहून लांबची फेरी असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ताक किंवा जलसंजीवनीचे पाणी घ्यावे. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, पेल्याभर पाण्यात नव्हे. नुसते पाणीच लिटरच्या लिटर ढोसणेही बरे नाही. त्याने रक्तातले मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी, क्वचित झटकेही येतात.

तिसरी गोष्ट झोपेची. पहाटे चारला निघायचे म्हणून रात्री बारापर्यंत जागणारे आणि चार तासांच्या झोपेवर कडक कॉफी ओतणारे तरुण मी पाहतो. अशा माणसाला चढ साधतो, पण उतारावर धोका असतो. ब्रेकवरची बोटे दमलेली असतात, नजर अर्धा क्षण उशिरा वळते, आणि आपण दमलो आहोत हे त्याला कळत नसते. पाबे घाटातल्या वळणावर अर्धा क्षण पुष्कळ होतो. कॅफिन अंगात बराच वेळ राहते. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातले जवळजवळ निम्मे रात्री दहालाही रक्तात असते. मग झोप बिघडते, सकाळी जास्त कॉफी लागते, आणि रहाटगाडगे चालू राहते.

आता ते वंगण आठवा. कॅलिफोर्नियातल्या त्या पोरांना एक गोष्ट कळली होती. उतार उतरून झाला की तुंबा खोलून वंगण भरायचेच, नाहीतर पुढच्या फेरीला ब्रेक लागणार नाही. शरीराचे वंगण म्हणजे अन्न, पाणी, मीठ आणि झोप. कॉफी हे वंगण नव्हे. ती फार तर सायकलची घंटी आहे. वाजवली की बरे वाटते, पण चाक तिच्यावर फिरत नाही.

टपरीच्या आतल्या बाजूला

त्या हृदयविकाराच्या सकाळी एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली होती. रुग्णवाहिका गेल्यावर टपरीवाल्या वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसल्या, त्या उठेनात. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. तळहात पांढरे, नखे पांढरी.

मी म्हणालो, "वहिनी, रक्त तपासू या."

"नगं डाक्टर. थकवा हाय नुसता. एक च्या घेतला की हुतंय बरं."

"दिवसाला किती चहा होतात?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि आठवर थांबल्या. पहाटे साडेतीनला उठून दूध तापवायचे, गिऱ्हाईक येण्याआधी एक कप, मग जशी सवड मिळेल तसा. जेवण दुपारी दोनला, आणि त्यावर लगेच पुन्हा चहा. पाळीत अंगावरून जास्त जाते, पण ते सांगायचे कुणाला?

हिमोग्लोबिन ७.६ निघाले. बाईमाणसाचे ते १२ च्या वर हवे. पुण्याच्या साहेबाला "हे पित्त न्हाई, दवाखान्यात चला" असे ठणकावून टेम्पोत बसवणारी ही बाई स्वतःचा थकवा वर्षभर चहाने झाकत होती.

चहा-कॉफीतले टॅनिनसारखे पदार्थ अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. भाजी-भाकरीतल्या लोहाच्या बाबतीत हे विशेष होते. म्हणून जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको, असे त्या २०२४ च्या सूचनांतही सांगितले आहे. केंद्र सरकारच्या २०१९ ते २१ या काळातल्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आपल्या घरातल्या दोघींपैकी एक, असे समजा. तिची चिडचिड, तिची डोकेदुखी, तिचे "मला काही होत नाही, एक चहा टाकते" हे सगळे रक्तक्षयाचे असू शकते. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्याव्यात. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. आणि रक्त कशाने कमी झाले, हे डॉक्टरकडून शोधून घ्यावे.

पोरांच्या हातातल्या बाटल्या

आणखी एका गोष्टीची मला काळजी वाटते. पुण्याचे सायकलवाले पाहून आपल्या गावांतली आठवी-नववीची मुलेही डोंगरातल्या वाटांवर सायकली घालू लागली आहेत. हे फार चांगले आहे. पण हातात 'एनर्जी' पेयाची बाटली असते, ते चांगले नाही. कायद्याने अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घालता येते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत, वर भरपूर साखर. मुलांना ते योग्य नाही, असे त्याच बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचायला चष्मा लागतो आणि पिणाऱ्याला तो लागलेला नसतो! चाळीस किलोच्या मुलाने दोन बाटल्या लागोपाठ घेतल्या तर छाती धडधडते, हात कापतात, उलटी होते, रात्री झोप लागत नाही. मुलांना पाणी, ताक, कोकम सरबत आणि शेंगदाण्याचा लाडू द्या. डोक्यावर हेल्मेट मात्र हवेच.

कुणी सांभाळून?

गरोदर स्त्रियांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. झटपट कॉफीचे किंवा चहाचे दोन कप झाले की थांबलेले बरे. रक्तदाब ताब्यात नसलेले, हृदयाचे ठोके अनियमित पडणारे, निद्रानाशाचे आणि आम्लपित्ताचे रोगी यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्यांनी कॉफीपेक्षा तिच्यातल्या दोन चमचे साखरेचा विचार करावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी सायकल काढू नये, आणि खिशात साखर ठेवल्याशिवाय तर मुळीच नाही. आणि सवय सोडायची असेल तर एकदम सोडू नये. दुसऱ्याच दिवशी डोके ठणकते. उपवासाच्या दिवशी 'चहा नाही म्हणून' डोके दुखते, ते याच कारणाने. दर दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी करावा.

निरोगी माणसाला दोन-तीन कपांनी अपाय होतो, असा पुरावा नाही. सायकलीने मात्र फायदा होतो, याचा पुरावा भरपूर आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे बेताचा व्यायाम पुरतो, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटे. पुण्याची माणसे त्यासाठी पस्तीस किलोमीटरवरून येथे येतात, आणि आपण येथले लोक फाट्यापर्यंत मोटारसायकलने जातो. दवाखान्यातली मधुमेहाची कार्डे दरवर्षी वाढत आहेत. घरच्या पडवीत गंजत पडलेली सायकल काढून तिला वंगण द्या, एवढीच विनंती.

टपरीवाल्या वहिनींचे हिमोग्लोबिन तीन महिन्यांच्या गोळ्यांनंतर १०.९ वर आले, पुढे बाराच्याही वर गेले. चहा आठवरून तीनवर आला. पाळीच्या तक्रारीवरही उपचार झाले. आता टपरीवर कॉफीच्या किटलीशेजारी उकडलेली अंडी, केळी आणि शेंगदाण्याच्या लाडवांची बरणी असते. रिकाम्या पोटी कुणी कॉफी मागितली तर त्या आधी विचारतात, "सकाळधरनं काय खाल्लंय का?" गिऱ्हाईक नाही म्हणाले की लाडू पुढे येतो. त्या स्वतःही सातच्या आत एक खातात. मी रविवारी सायकल घेऊन तिकडून गेलो की मलाही तोच प्रश्न विचारतात, आणि हल्ली माझ्याकडे उत्तर असते.